दातांतली फट, पडलेली दाढ: करून घ्यायचं की राहू द्यायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी डेंटिस्ट नाहीये, आधीच सांगून टाकते. माझ्या वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये लहानपणापासून फट आहे आणि खालची डावीकडची एक दाढ २९व्या वर्षी काढावी लागली, त्यामुळे दोन्हींचा अनुभव आहे. गंमत बघा, ज्या फटीची मला कॉलेजभर लाज वाटली तिने माझं काडीचं नुकसान केलं नाही, आणि जी दाढ गेलेली कुणाला दिसतसुद्धा नव्हती तिने पुढची सात वर्षं गुपचूप बाकीचं तोंड बिघडवलं. ओळखीतले लोक फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

फट बुजवणं आणि पडलेला दात बसवणं, शेवटी एकच ना?

नाही हो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात ना, आपलंही थोडंफार तसंच आहे. पुढची फट हा बहुतेक वेळा दिसण्याचा प्रश्न असतो, तो आज सोडवा, पाच वर्षांनी सोडवा, नाहीतर सोडवूच नका. दात पडलाय तिथे मात्र घड्याळ चालू झालेलं असतं, कारण आजूबाजूचे दात आणि खालचं हाड तुमच्या निर्णयाची वाट बघत बसत नाहीत. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारायचा: काहीच केलं नाही तर काय होईल? फटीच्या बाबतीत उत्तर बऱ्याचदा ‘काही नाही’ असं येतं. दाढेच्या बाबतीत तसं क्वचितच येतं.

माझी फट लहानपणापासून आहे. बुजवायलाच हवी का?

हिरड्या निरोगी असतील, दात हलत नसतील, फट वर्षानुवर्षं तेवढीच असेल, तर तब्येतीच्या दृष्टीने गरज नाही. अशी फट बरेचदा घडणीतूनच आलेली असते. जबडा मोठा आणि दात लहान, किंवा शेजारचा दात नेहमीपेक्षा बारीक, किंवा वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी जी पडद्यासारखी दोरी असते ती जाड असून थेट दातांच्या मध्ये उतरलेली. काहींना गिळताना जीभ दातांवर रेटायची सवय असते. कधीतरी हाडात एखादा जादा दात दडून बसलेला निघतो, तो एक्स-रेशिवाय कळत नाही, म्हणून ‘राहू दे’ असं ठरवायच्या आधी एकदा एक्स-रे काढून घ्या.

मॉडेल लॉरेन हटन सुरुवातीला मेण भरून आपली फट झाकायची, मग तिने ते सोडून दिलं आणि पुढे तीच फट तिची ओळख झाली. अर्थात ती मॉडेल होती, आपल्याला कुणी फटीचे पैसे देत नाही, हे मान्य!

आधी फट नव्हती, आता पडायला लागलीय. पण चालेल ना?

नाही चालणार, आणि या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. मोठेपणी नव्याने पडणारी किंवा हळूहळू रुंदावणारी फट म्हणजे बरेचदा हिरड्यांच्या आजाराची खूण असते. मुळांभोवतीचं हाड झिजतं, दाताची पकड सैल होते आणि पुढचे दात पंख्यासारखे बाहेर पसरायला लागतात. दुखत नाही, म्हणून माणूस आरशात बघून ‘जरा बाँडिंग करून घेऊ’ म्हणतो, म्हणजे दाताच्या रंगाचं मटेरियल लावून फट भरून घेऊ. सैल दातावर बाँडिंग करणं म्हणजे ओल धरलेल्या भिंतीला रंग मारणं. आधी हिरड्यांच्या डॉक्टरकडे जायचं, त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात, तिथे खोल साफसफाई करून आजार आटोक्यात आणायचा, फट नंतर बघू. मागची दाढ गेल्यामुळे चावण्याचा सगळा भार पुढच्या दातांवर येऊनही फट पडू शकते, तेही तपासायला सांगा.

मुलीच्या नवीन दातांमध्ये एवढी मोठी फट आहे, तारा लावू का?

वय किती? साधारण ७ ते १२ मध्ये वरचे पुढचे दात फाकलेले दिसणं नॉर्मल आहे. वर हाडात सुळे खाली यायची वाट बघत असतात आणि पुढच्या दातांच्या मुळांना रेटत असतात. सुळे उतरले की बऱ्याच मुलांची फट आपोआप मिटते. एकदा दाखवून घ्या, बाकी घाई नको, आणि तिच्यासमोर रोज त्या फटीची चर्चा तर अजिबात नको.

बुजवायचीच ठरवली तर मार्ग कोणते?

तीन. बाँडिंग, व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा, आणि दात सरकवणं म्हणजे तारा किंवा अलाइनर (पारदर्शक, काढता-घालता येणारे साचे).

बाँडिंगमध्ये दाताच्या रंगाचं कंपोझिट, म्हणजे फिलिंगचंच मटेरियल, दाताच्या कडेला थर देऊन चढवतात आणि निळ्या लाइटने कडक करतात. एका बैठकीत होतं, बहुतेक वेळा दात घासावा लागत नाही, आवडलं नाही तर काढता येतं. पण इथे थोडं गणित आहे जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. वरचा मधला दात सरासरी साडेआठ मिलिमीटर रुंद आणि साडेदहा मिलिमीटर लांब असतो. फट २ मिलिमीटरची असेल तर प्रत्येक दात १ मिलिमीटरने वाढवला की काम झालं, चांगलं दिसतं. फट ४ मिलिमीटरची असेल तर प्रत्येक दात साडेदहा रुंद, साडेदहा लांब, म्हणजे चक्क चौकोन. तोंडात दोन टाइल्स बसवल्यासारख्या दिसतात. मग फट गेली पण नजर अजून तिथेच जाते. म्हणून मोठ्या फटीला आधी दात सरकवून जागा वाटून घेतात, आणि मग उरलीसुरली बाँडिंगने भरतात.

करायच्या आधी मॉकअप मागा. दाताला काही न करता तात्पुरतं मटेरियल लावून दाखवतात, आरशात बघायचं, हसायचं, बोलायचं, फोटो काढायचा, मग पुसून टाकतात. मी हे केलं. मॉकअप लावून आरशात बघितलं तर समोर माझीच एखादी चुलत बहीण उभी असल्यासारखं वाटलं, छान होती पण ओळखीची नव्हती, आणि मी ते पुसून घरी आले. पैसे वाचले हा बोनस.

बाँडिंग की व्हेनिअर, टिकायला काय चांगलं?

टिकायला पोर्सेलीनचं व्हेनिअर. बाँडिंग साधारण ५ ते ७ वर्षं जातं, मध्ये कडा उडतात, चहा-कॉफी-सिगरेटने पिवळं पडतं, पॉलिश करत राहावं लागतं. व्हेनिअर १० ते १५ वर्षं आरामात जातं आणि डाग धरत नाही.

मग सगळे व्हेनिअरच का नाही करत? कारण त्यासाठी बहुतेकदा दाताचा पुढचा थर घासावा लागतो, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही वाटत पण इनॅमल परत उगवत नाही, एकदा गेलं की गेलं, आणि त्या दाताला आता जन्मभर कसलं ना कसलं कव्हर लागणार, दर दहा-पंधरा वर्षांनी नवीन. २२व्या वर्षी करून घेतलं तर आयुष्यात किती वेळा बदलावं लागेल ते बोटांवर मोजा. माझं वैयक्तिक मत, जे परत फिरवता येतं ते आधी करून बघावं. चांगला धडधाकट दात फक्त फटीसाठी घासून घेणं मला तरी पटत नाही.

आणि हो, दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते आधी, बाँडिंग नंतर, मध्ये दोनेक आठवडे सोडून. ब्लीचिंगने कंपोझिट पांढरं होत नाही, पोर्सेलीनही नाही. उलटं केलंत तर दात एका रंगाचा आणि ठिगळ दुसऱ्या रंगाचं.

इंटरनेटवर रबर बँड लावून फट बुजवायचा व्हिडिओ बघितला. करून बघू?

नको. नको. नको. दात मुळाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे रबर जागेवर थांबत नाही, वर सरकत सरकत हिरडीच्या आत शिरतो. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, वरून दिसत नाही, आणि आत मुळाभोवतीचं हाड खात बसतो. तुम्हाला वाटतं बँड रात्री पडला असेल. काही महिन्यांनी दोन्ही दात हलायला लागतात, आणि चांगले दात यामुळे काढावे लागलेत लोकांचे. फुकटची फट बुजवायला जाऊन दोन दातांची जागा रिकामी.

तारा लावून फट बंद केली, परत उघडेल का?

सोडून दिलं तर हो, मधली फट परत यायच्या बाबतीत फारच चिवट आहे. म्हणून दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवतात किंवा रात्री घालायचा रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, देतात. लोक तारा दोन वर्षं इमानेइतबारे सांभाळतात आणि रिटेनर तीन महिन्यांत कपाटात टाकतात. ओठाची ती दोरी जाड असेल तर ती छोट्या ऑपरेशनने मोकळी करतात, आणि हे सहसा फट बंद झाल्यावर करतात, आधी नाही.

फटीमुळे बोलताना हवा जाते, ते सुधारेल?

बऱ्याचदा सुधारतं. माझी फोनवर सहासष्ट सांगताना हमखास शिट्टी वाजते. पण ‘स’चा घोळ फक्त फटीचा नसतो, जिभेच्या सवयीचाही असतो, आणि तो असेल तर दात बंद करूनही उरतो, मग स्पीच थेरपिस्टची मदत लागते. फट बुजवल्यावर पहिले काही दिवस उलटंच होतं, जिभेला नवीन भिंत लागते आणि माणूस बोबडा बोलतो. जोराने पेपर वाचायचा, जातं ते.

मागची दाढ काढलीय, हसताना दिसत नाही. काय फरक पडतो?

मीही हेच म्हणाले होते. रूट कॅनल केलेली दाढ उभी चिरली, काढावी लागली, आणि काढणारे डॉक्टर म्हणाले “मागची आहे, कुठे दिसतेय, बघू नंतर.” मला तेच ऐकायचं होतं. ते नंतर सात वर्षांनी आलं.

या सात वर्षांत काय झालं ते क्रमाने सांगते. मागची दाढ रिकाम्या जागेकडे झुकली, रांगेतला पुढचा माणूस उठला की मागचा जसा कलंडतो तशी. समोरच्या, म्हणजे वरच्या दाढेला चावायला खाली काही उरलं नाही म्हणून ती दीड-दोन मिलिमीटर खाली उतरली. झुकलेल्या दाढेच्या पुढे तिरका खड्डा तयार झाला, त्यात प्रत्येक घास अडकायचा, ब्रश पोचायचा नाही, तिथे कीड लागली. मी नकळत सगळं उजवीकडे चावायला लागले आणि उजवीकडचं एक जुनं फिलिंग तुटलं. आणि दाढ गेलेल्या जागी हाड आत बसलं, बोट फिरवलं तर कळायचं, खोबण पडलेली.

हाड झपाट्याने कमी होतं ते दात काढल्यानंतरच्या पहिल्या सहा महिने ते वर्षभरात, मुख्यतः रुंदीत, पुढे सावकाश. म्हणून दात काढायच्या आधीच ‘इथे पुढे काय करायचं’ हे विचारावं. काही वेळा त्याच बैठकीत खड्ड्यात हाडाची पावडर भरून ठेवतात म्हणजे जागा टिकते. मी विचारलं नाही, मला सांगितलं नाही, आणि शेवटी काय करावं लागलं? झुकलेली दाढ तारा लावून सरळ करायला सात महिने, वरची दाढ थोडी घासणं, कीड भरणं, हाड भरणं, आणि मग कुठे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. वेळेवर केलं असतं तर यातलं शेवटचंच लागलं असतं.

म्हणजे पडलेला प्रत्येक दात बसवायलाच हवा?

नाही, आणि हे सांगायला काही क्लिनिक्स विसरतात. अक्कलदाढ काढली तर तिथे काही बसवायचं नसतं. अक्कलदाढेच्या पुढची शेवटची दाढ गेली तर बऱ्याच लोकांचं छान चालतं, फक्त समोरची दाढ उतरतेय का यावर लक्ष ठेवायचं. नेदरलँड्समध्ये कायझर नावाच्या दंततज्ज्ञाने १९८०च्या सुमारास यावर बरंच काम केलं, की पुढचे दात आणि उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या दोन छोट्या दाढा, शाबूत असतील, म्हणजे साधारण २० दात एकमेकांवर नीट बसत असतील, तर मागच्या दाढांशिवायही माणसाचं चावणं-खाणं बऱ्यापैकी भागतं. वयस्कर माणसाला, ज्याला लांबलचक ट्रीटमेंट झेपणार नाही, ‘आहेत ते दात जपू’ हा पूर्ण शहाणा निर्णय असू शकतो. दात जाऊन खूप वर्षं झालीत, शेजारचे हलले नाहीत, चावताना अडत नाही, तर सहा महिन्यांनी फोटो-मोजमाप करून तुलना करायची. हलत नसेल तर नसेल.

इम्प्लांट, ब्रिज की काढता-घालता दात?

शेजारचे दात कसे आहेत त्यावर अर्धं उत्तर असतं.

ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात सगळीकडून घासून त्यांना कॅप बसवतात आणि मधला खोटा दात त्या कॅप्सना जोडलेला असतो. शेजारच्या दातांना आधीच मोठी फिलिंग्ज किंवा कॅप आहेत? मग ब्रिज ठीक, त्यांना कॅप लागणारच होती. शेजारचे दात अगदी कोरे आहेत? मग एका दातासाठी दोन चांगले दात कापणं जिवावर येतं. ब्रिज १०-१५ वर्षं जातो, पण खालून रोज स्वच्छ करावा लागतो, खास ब्रश किंवा जाड फ्लॉस मिळतो. आधाराच्या दाताला कॅपखाली कीड लागली की आख्खा ब्रिज जातो.

पुढचा एखादा दात असेल तर पंखवाला ब्रिज विचारा, मेरीलँड ब्रिज म्हणतात. खोट्या दाताला मागून एक पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या पाठीवर चिकटवतात, घासणं जवळपास नाहीच. दोन पंखांपेक्षा एका पंखाचा जास्त टिकतो हे ऐकायला उलटं वाटतं, पण दोन दात वेगवेगळे हलतात आणि ओढाताणीत एक पंख सुटतो, म्हणून तसं. कधी निघाला तर परत चिकटवतात.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर कॅप. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडावर प्रयोग करताना १९५०च्या दशकात लक्षात आलं की टायटॅनियम हाडाला असं काही धरतं की निघता निघत नाही, आणि १९६५ मध्ये पहिल्या माणसाला बसवलं. शेजारच्या दातांना हात लागत नाही हा मोठा फायदा. दहा वर्षांनी शंभरातले नव्वदाच्या वर इम्प्लांट जागेवर असतात. पण त्याला दोन दातांमध्ये साधारण ७ मिलिमीटर जागा लागते, पुरेसं हाड लागतं आणि धीर लागतो. स्क्रूला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीचं हाड आणि हिरडी बिघडू शकते, म्हणून ‘आता या दाताची कटकट मिटली’ असं कुणी म्हणालं तर मान हलवायची आणि घरी जाऊन नीट ब्रश करायचा.

काढता-घालता दात, म्हणजे छोटी कवळी, लोकांना कमीपणाची वाटते. उगाच. कापाकापी नाही, खर्च सगळ्यात कमी, निर्णय लांबवायचा असेल तर मधल्या काळात उत्तम. रात्री काढून पाण्यात ठेवायची. सुरुवातीला टाळूवर प्लॅस्टिक आल्यासारखं वाटतं आणि घास बेचव लागतो, नंतर सवय होते, काहींना होतच नाही.

इम्प्लांटसाठी कुणी थांबावं?

वाढ चालू असलेल्या मुलांनी तर नक्कीच. जबडा वाढतो, बाकी दात त्याच्याबरोबर खाली सरकतात, इम्प्लांट जिथल्या तिथे राहतो आणि काही वर्षांनी तो दात आत बुडाल्यासारखा दिसतो. साधारण १८ ते २१नंतरच विचार करतात. शुगर आटोक्यात नसेल तर आधी ती आणायची. सिगरेट-तंबाखू चालू असेल तर फेल व्हायची शक्यता वाढते, हे डॉक्टरपासून लपवून उपयोग नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन घेत असाल, जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा, कारण अशा वेळी जबड्याची जखम भरत नाही असं होऊ शकतं. रात्री दात खाता? तेही सांगा, रात्री दातांवर घालायचा गार्ड लागेल. म्हातारपण मात्र अडचण नाही, सत्तरीतले लोक करून घेतात.

दुखतं का, आणि किती दिवस?

इंजेक्शन देऊन करतात, त्यामुळे करताना दुखत नाही, फक्त हाडात ड्रिल फिरताना कवटीत घुमल्यासारखं वाटतं ते विचित्र आहे. मला दाढ काढताना जास्त त्रास झाला होता. दोन-तीन दिवस सूज, मऊ खाणं, झालं. वेळ मात्र लागतो. स्क्रू हाडात पक्का व्हायला ३ ते ६ महिने, हाड भरावं लागलं तर त्याचे वेगळे ४ ते ६. लगेच दात बसवून देतात तेही असतं, पण ते हाड आणि जागा बघून ठरतं.

जन्मतःच पक्का दात नाहीये. आता?

वाटतं त्यापेक्षा हे कॉमन आहे, अक्कलदाढा सोडल्या तर खालची दुसरी उपदाढ आणि वरचा सुळ्याच्या पुढचा, पटाशीशेजारचा दात हे जास्त करून नसतात. दुधाचा दात घट्ट असेल तर काही वेळा तो चाळिशीपर्यंतसुद्धा काम देतो, उगाच काढू नका. वरचा असेल तर सुळा पुढे आणून त्याला बाँडिंगने आकार देतात, किंवा जागा मोकळी करून नंतर दात बसवतात. इथे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावणारे डॉक्टर, आणि दात बसवणारे डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवायला हवं.

दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मतं दिली, कुणाचं ऐकू?

वेगळी मतं असणं वाईट नाही. दोघांनाही तेच तेच विचारा: काहीच न केल्यास काय, कोणता चांगला दात कापावा लागेल, हे फेल झालं तर पुढे काय उरतं, आणि दहा वर्षांत यावर परत किती खर्च येईल. आजचा आकडा सगळे विचारतात, दहा वर्षांचा कुणी विचारत नाही. जो डॉक्टर एक्स-रे आणि हिरड्या न तपासता दहा व्हेनिअर्सचं पॅकेज समोर ठेवतो त्याच्याकडून उठून यायचं.

फक्त चांगलं दिसावं म्हणून करणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही. तोंडावर हात ठेवून हसणारी माणसं मी बघितलीत, दीड मिलिमीटरच्या बाँडिंगनंतर तो हात खाली येताना पण बघितलाय. फक्त कुणासाठी करताय ते बघा. दुसऱ्या कुणीतरी सतत बोलून दाखवलं म्हणून करत असाल तर सहा महिने थांबा, फट कुठे पळून जात नाहीये. हसतील त्याचे दात दिसतील.

इम्प्लांटवर कॅप बसवल्यावर नवीन दाढ परकी वाटते, जाईल का हे?

जातं बऱ्यापैकी. खऱ्या दाताच्या मुळाभोवती बारीक गादीसारखा थर असतो, त्यातून किती जोराने चावतोय ते कळतं. इम्प्लांटला तो थर नसतो, त्यामुळे पहिले काही आठवडे कपबशीवर दात आपटल्यासारखं टक्क वाटतं. मला साधारण महिनाभर वाटलं. जीभ सारखी तिथेच जायची, सात वर्षं तिथे खड्डा होता ना, तिला सवयच ती. पण बाकी दातांच्या आधी तीच कॅप टेकत असेल किंवा महिन्यानंतरही तिथे रक्त येत असेल तर सवयीची वाट बघू नका, दाखवून या, उंची जरा घासून द्यायला पाच मिनिटं लागतात.